घामोळं कोण म्हणालं

चाळिशी उलटली तरी सगळे तिला बेबीच म्हणायचे. घरातलं शेंडेफळ म्हणून पाळण्यात नाव चिकटलं, ते पुढे कुणी सोडवलंच नाही. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात ती काज मशीनवर बसायची. तिथल्या पोरीही आधी बेबीताई म्हणायच्या, मग नुसतं बेबी म्हणायला लागल्या. मोठ्या बाईला बेबी म्हणण्यात सोय असते. तिला काम सांगता येतं, पण तिचं ऐकावं लागत नाही.

लग्नाचं जमता जमता राहून गेलं होतं. आईवडील गेल्यावर ती मोठ्या भावाकडे राहायला आली आणि मग तिथलीच झाली. दादा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता, वहिनी टेलिफोनच्या ऑफिसात. दोन खोल्या, एक अरुंद स्वयंपाकघर आणि दाराशेजारी बोळासारखी जागा, तिथे बेबीची खाट. खाटेखाली तिची पेटी, खाटेवर भिंतीला घरातल्या सगळ्यांच्या छत्र्या टांगलेल्या. पाहुणे आले की खाट उभी करून ठेवायची. यात कुणाचा काही वाईट हेतू नव्हता. घर लहान होतं, आणि बेबी कुठेही मावते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

टिल्ली झाली तेव्हा मात्र बेबीचे दिवस पालटले. दादा-वहिनींना लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली ही मुलगी, जन्मतःच एवढीशी, म्हणून टिल्ली. वहिनींची रजा संपली आणि पोरीला ठेवायचं कुठे हा प्रश्न आला, तेव्हा बेबीने कुणी न विचारता कारखान्यात पूर्ण वेळाची पाळी सोडली आणि अर्ध्या दिवसाची घेतली. मुकादम म्हणाला, "बाई, अशाने तुम्ही कायम होणार नाही." ती म्हणाली, "नाही तर नाही." दुपारी घरी यायचं, शेजारणीकडून, आणि पुढे बालवाडीतून, टिल्लीला घ्यायचं, जेवू घालायचं, निजवायचं. पोरीलाही आत्याशिवाय घास उतरायचा नाही. बेबीला पहिल्यांदाच वाटलं, या घरात आपण टांगलेली छत्री नाही.

टिल्लीचं नाक-कान-घसा हे दुखणं नेहमीचं. एका हिवाळ्यात तिचा कान फुटला होता. डॉक्टरांनी औषध दिलं, दोन दिवसांत ताप उतरला, आणि वहिनींनी बाटली बंद केली. "एवढ्याशा जिवाला किती ती कडक औषधं," म्हणाल्या. आठवडाभराने कान पुन्हा ठणकायला लागला, पहिल्यापेक्षा जास्त. डॉक्टर वहिनींना चांगलेच बोलले. जंतू अर्धमेले करून सोडलेत, म्हणाले. त्यावर दादाने घरी जे बोलून घेतलं ते कितीतरी दिवस पुरलं. भाजीत मीठ कमी पडलं तरी विषय त्या बाटलीवर यायचा. वहिनी खाली मान घालून ऐकायच्या. पण ते त्यांच्या मनात घट्ट बसलं होतं.

म्हणून पुढच्या खेपेला टिल्लीचा घसा धरला, ताप चढला, तेव्हा त्या स्वतः तिला घेऊन गेल्या आणि नवीन औषध घेऊन आल्या. या वेळचं औषध निराळं होतं. बाटलीत कोरडी पावडर आणि बरोबर मापाचं एक छोटं टोपण. ओट्याशी उभं राहून दोघींनी ते तयार केलं. वहिनींनी वाचायचं, बेबीने करायचं.

"आधी बाटली आपटून पावडर मोकळी करा. मग उकळून गार केलेलं पाणी, निम्मं. हलवा. आता खुणेपर्यंत."

बेबीने बाटली डोळ्यांच्या रेषेत धरून थेंब थेंब पाणी घातलं. काज मशीनवर बसणाऱ्या बाईला रेघ चुकवायची सवय नसते.

"दर वेळी हलवून द्यायचं. घरातला चमचा नको, हे टोपणच. फ्रीजमध्ये ठेवायचं, दारात नाही, आत," वहिनी म्हणाल्या. "आणि ताई, काहीही झालं तरी मधेच बंद करायचं नाही. ताप उतरला तरी नाही, पोर नाचायला लागली तरी नाही. संपेस्तोवर."

"नाही करणार," बेबी म्हणाली.

डॉक्टरांनी आणखी काही सांगितलं होतं का, हे तिने विचारलं नाही. वहिनींनी सांगितलं ते सगळं, असंच ती धरून चालली. सकाळ-रात्रीचा डोस वहिनी द्यायच्या, दुपारचा बेबी. ताप उतरला. टिल्ली खायला मागायला लागली. सगळं रांगेला लागल्यासारखं झालं.

त्या दुपारी पोर झोपेतून उठली ती पोट खाजवत. बेबीने झबलं वर केलं तर पोटावर लाल चट्टे. कडा उचललेल्या, पित्ताच्या गांधी उठतात तसे. मानेवरही होते. बोट फिरवलं की हाताला लागत होते. टिल्ली कुरकुरत म्हणाली, "आत्या, मुंग्या चावल्या." बेबीने गादी झटकली, चादर उलटी करून पाहिली. मुंगी कुठली असायला. मग तिने वहिनींच्या ऑफिसात फोन लावला. दोनदा कुणी दुसऱ्यानेच उचलला, तिसऱ्यांदा वहिनी आल्या.

"वहिनी, टिल्लीच्या पोटावर लाल चट्टे उठलेत. मानेवर पण. सारखी खाजवतेय."

"मोठे आहेत?"

"गांधी उठल्यासारखे. हाताला लागतायत."

पलीकडून कुणीतरी वहिनींना हाका मारत होतं. वहिनींनी रिसीव्हरवर हात धरला, कुणाला तरी 'आलेच' म्हणाल्या आणि परत बोलल्या. "अहो ताई, घामोळं असेल ते. उकडतंय किती. गार पाण्याने अंग पुसून घ्या."

"औषधाची वेळ झालीय. देऊ का?"

"द्या की. मागच्या वेळी मधे सोडलं तर काय झालं ते विसरलात? परत यांची बोलणी मी नाही खाणार. ठेवते आता, साहेब समोर उभे आहेत."

बेबीने अंग पुसलं. बाटली काढली, हलवली, टोपण भरलं. भरलेलं टोपण हातात घेऊन ती मोरीच्या उंबऱ्याशी नुसती उभी राहिली. तिच्या मनाला ते चट्टे घामोळं वाटत नव्हते. पण तिला काय कळत होतं? तिने मूल जन्माला घातलं नव्हतं, डॉक्टरांकडे ती गेली नव्हती. पोरीची आई द्या म्हणत होती. आणि काहीही झालं तरी बंद करायचं नाही, हे तिने कबूल केलं होतं. टिल्लीने आपण होऊन तोंड उघडलं. औषध घ्यायला ती कधी त्रास द्यायची नाही, आत्याच्या हातचं तर नाहीच.

थोड्याच वेळात ती खेळता खेळता थांबली आणि म्हणाली, "आत्या, माझी जीभ मोठी झाली."

बेबीने पाहिलं. ओठ सुजून पालथे पडले होते. डोळ्यांच्या फटी होत चालल्या होत्या, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. त्यानंतर बेबीने फोनकडे पाहिलंही नाही. पोरीला खांद्यावर टाकलं, औषधाची बाटली मुठीत धरली आणि जिना उतरली. चप्पल घातली नाही, दाराला कडीसुद्धा लावली नाही. खाली पंखे दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं, त्याची माल पोचवायची गाडी उभी होती. तो माणूस कधी कुणाशी धड बोलायचा नाही. त्याने पोरीचा चेहरा पाहिला आणि हातातला पंखा तसाच टाकून गाडी सुरू केली. वाटेभर बेबी एकच वाक्य बोलत होती, "श्वास घे राणी, श्वास घे."

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी बाटली बघितली, आणि काही न विचारता पोरीच्या मांडीत इंजेक्शन दिलं. तोंडावर मास्क चढवला. "बाटली आणलीत हे फार बरं केलंत," एवढंच म्हणाल्या आणि पडदा ओढला.

बेबी बाहेरच्या बाकावर बसली. पायाला कुठेतरी काच लागली होती, फरशीवर रक्ताचा ठिपका पडला होता, तो ती पायाच्या अंगठ्याने पुसत राहिली. मग दादा आला, त्याच्यामागून वहिनी. त्यांना कळवायला पंखेवालाच परत गेला होता.

बराच वेळ गेला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या आधी पोर ठीक आहे म्हणाल्या, रात्रभर ठेवावं लागेल म्हणाल्या. मग विचारलं, "पुरळ कधी उठलं?"

"दुपारी. झोपून उठली तेव्हा," बेबी म्हणाली.

"शेवटचा डोस त्याच्या आधी की नंतर?"

"नंतर."

डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला नाही. पण शब्द मोजून आले. "कोर्स पूर्ण करायचा, हे बरोबर. पण पुरळ उठलं, सूज आली, श्वासाला त्रास झाला, तर पुढचा थेंब द्यायचा नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. मी तुमच्या डॉक्टरांशी आत्ताच बोलले. ते म्हणतात, त्यांनी हे सांगितलं होतं."

दादाने वहिनींकडे पाहिलं. "तुला सांगितलं होतं?"

वहिनींचा चेहरा पांढरा पडला होता. पर्सचा पट्टा त्या दोन्ही हातांनी पिळत होत्या. बेबीला त्या क्षणी त्यांची कीवच आली. आता त्या सांगतील, दादा बोलेल, आपण मधे पडू, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

"सांगितलं होतं की," वहिनी म्हणाल्या. "पण ताईंनी फोनवर घामोळं आलंय म्हणून सांगितलं. मला ऑफिसात बसून काय दिसणार?"

बेबीला आधी कळेचना. मग ती म्हणाली, "घामोळं मी नाही म्हटलं, वहिनी. तुम्ही म्हणालात. मी चट्टे म्हटलं. गांधी उठल्यासारखे म्हटलं."

"ताई, तुम्ही घाबरलेल्या होतात. तुम्हाला आठवत नसेल."

"मला आठवतंय."

"मग मी खोटं बोलतेय का? माझ्या पोटच्या पोरीच्या बाबतीत?"

दादाने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. त्याला खरं काय ते कळलं होतं का, यावर बेबीने पुढे फार विचार केला, आणि तिला वाटायचं, कळलं होतं. पण संध्याकाळी घरी ज्या बाईबरोबर बसून चहा प्यायचा, तिला खोटं पाडण्यापेक्षा दुसरी वाट सोपी होती.

"जाऊ दे आता," दादा म्हणाला. "बेबी वेंधळीच आहे पहिल्यापासून. पोर वाचली ना, झालं तर. कुणी काही मनात धरू नका."

म्हणजे तिला तिथल्या तिथे माफ करूनही टाकलं.

टिल्ली घरी आली ती हसतखेळत. या जातीचं औषध तिला जन्मात द्यायचं नाही आणि प्रत्येक डॉक्टरला हे आधी सांगायचं, असं इस्पितळातून बजावलं होतं. घरात कुणी बेबीला टाकून बोललं नाही. फक्त फ्रीजशेजारचा औषधांचा डबा कपाटात गेला आणि कपाटाची किल्ली वहिनींच्या पर्समध्ये. मग टिल्लीला पाळणाघरात घातलं. तिथल्या बाईंना वहिनी दारातच सांगत होत्या, "आमच्याकडे नणंद आहेत तशा, पण त्यांना झेपत नाही हो." बेबी टिल्लीचा डबा हातात धरून मागे उभी होती. नातेवाईक भेटायला यायचे, वहिनी सगळं पहिल्यापासून सांगायच्या, आणि प्रत्येक वेळी गोष्ट थोडी गुळगुळीत व्हायची. आधी 'ताईंना वाटलं घामोळं असेल' असं होतं. मग 'ताईंनी फोन केला पण नीट सांगितलं नाही' झालं. पुढे पुढे फोन गोष्टीतून निघूनच गेला. पंखेवाल्याच्या गाडीत पोरीला कुणी घातलं, तेही राहून जायला लागलं.

आणि खरं सांगायचं तर बेबीला स्वतःचीही खात्री वाटेनाशी झाली. काज पाडता पाडता ती तो फोन मनात पुन्हा पुन्हा लावायची. आपण म्हटलं असेल का घामोळं? वहिनींनी विचारलं, आपण 'हो' म्हटलं असेल? मशीनची सुई खाली यायची आणि तिला वहिनींचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा, 'घामोळं असेल ते. उकडतंय किती.' नाही, तेच खरं होतं. पण टोपण तर आपल्याच हातात होतं. तेही तितकंच खरं होतं. दोन्ही खऱ्यांमधून तिला कधी वाट काढता आली नाही.

वर्ष सरायच्या आत तिने कारखान्याजवळ एक खोली बघितली. निघायच्या दिवशी वहिनी बोळात आल्या आणि खाटेवर बसून तिच्या साड्यांच्या घड्या घालायला लागल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"ताई, मनात काही ठेवू नका," त्या साडीकडे बघत म्हणाल्या. "यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मागच्या एका बाटलीवरून केवढं ऐकवलं होतं मला. या वेळी घराबाहेरच काढलं असतं. तुम्ही सांभाळून घेतलंत, मी विसरणार नाही."

"मी काही सांभाळलं नाही, वहिनी," बेबी म्हणाली. "मी खरं तेच सांगितलं. ते कुणी ऐकलं नाही, एवढंच."

वहिनींनी घडी घातलेली साडी पेटीत ठेवली, वरून हात फिरवला आणि उठून गेल्या.

बेबीने पुन्हा पूर्ण वेळ धरला, पण कायम झाली नाही, ती संधी गेलेली होती. कारखान्यात एक तरणी शिलाईवाली होती, तिने एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं की पोराला ताप आहे, मागच्या वेळची अर्धी बाटली घरात पडलीय, तीच देणार आहे. बेबीने हातातला घास ठेवला. "ती बाटली गेल्यागेल्या फेकून दे. पाण्यात कालवलेलं औषध टिकत नाही. पोराला डॉक्टरला दाखव, आणि देतील त्या औषधाने अंगावर काही उठलं तर काय करायचं, ते तिथंच विचारून घे. तू स्वतः विचार. कुणाकडून निरोपाने ऐकू नकोस." पोर हसली. पुढे पोरी आपसात म्हणायच्या, बेबीसमोर औषधाचं नाव काढू नका, तिला झटका येतो.

टिल्ली मोठी झाली, शिकली, तिचं लग्न झालं, तिला मुलगा झाला. आत्याशी ती गोड वागायची. वाढदिवसाला फोन करायची, कधी स्वेटर आणायची. एकदा ती माहेरी आली असताना तान्ह्याला ताप भरला. वहिनींचे गुडघे धरलेले, दादाला कमी दिसायचं, म्हणून बेबीला बोलावून घेतलं, बरोबर जायला.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. बाळाला तपासून त्याने विचारलं, "घरात कुणाला कुठल्या औषधाची अॅलर्जी?"

"मला आहे," टिल्ली म्हणाली आणि औषधाचं नाव सांगितलं. "लहानपणी मरता मरता वाचले. अंगावर पुरळ उठलेलं असताना आत्याने आणखी एक डोस पाजला होता. हीच ती आत्या." असं म्हणून तिने हसत बेबीच्या खांद्यावर हात ठेवला.

डॉक्टरने बेबीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. म्हाताऱ्या माणसांकडे बघतात तसं पाहिलं.

बेबी म्हणाली, "तुझ्या आईला मी आधी फोन केला होता. चट्टे उठलेत म्हणून सांगितलं होतं."

"असू दे गं, आत्या. किती वर्षं झाली. आमच्यापैकी कुणी तुझ्यावर राग धरलाय का कधी?"

डॉक्टरने औषध लिहिलं. "हे त्या जातीचं नाही. आईला अॅलर्जी म्हणजे बाळाला असेलच असं नाही, पण लक्ष ठेवा. कोर्स पूर्ण करा."

"पुरळ उठलं तर?" बेबीने विचारलं.

"तर थांबवायचं आणि लगेच मला कळवायचं. सूज किंवा धाप असेल तर माझी वाट न बघता थेट इस्पितळ."

टिल्ली तिच्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस ना, आत्या? आता कळलं?"

तिने ते मायेनेच म्हटलं. बेबी म्हणाली, "कळलं."

वाटेत औषध घेतलं, तेही पावडरचंच. घरी पोचल्या तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या. डॉक्टर काय म्हणाले ते टिल्लीने सांगितलं, अॅलर्जीचं विचारलं तेही सांगितलं, आणि आपण आत्याची गोष्ट सांगितली तेही सांगितलं. वहिनी पाणी उकळायला ठेवायला वळल्या.

"वहिनी," बेबी म्हणाली, "आता तरी सांगा तिला."

वहिनी थांबल्या. दादा खुर्चीत होता, त्याने वर्तमानपत्र खाली केलं नाही. टिल्ली बाळाला थोपटत एकीकडून दुसरीकडे बघत होती.

"काय सांगू?" वहिनी म्हणाल्या. "इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतंय, ताई."

त्या आत गेल्या. भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. बेबीने पिशवी उचलली. टिल्ली तिच्यामागे जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "आत्या, रागावलीस का माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला रागावू? पाणी पुरतं गार होऊ दे. आणि दर वेळी हलवून दे, पावडर खाली बसते."

त्यानंतर ती त्या घरी गेलीच नाही, असं काही झालं नाही. बोलावलं की जायची. पण टिल्लीचं बाळ तिने कधी मांडीवर घेतलं नाही. कुणी पुढे केलंच तर हात मागे घ्यायची, म्हणायची, नको, माझे हात गार आहेत. वहिनी आल्यागेल्याला सांगायच्या, बेबीला मुलांची हौस नव्हतीच कधी.